कपाटातल्या सह्या

माझ्या नावावर थकलेलं कर्ज आहे, हे मला एका हसऱ्या मुलीने सांगितलं. गृहकर्जाचा अर्ज घेऊन मी मुलुंडच्या एका बँकेत गेले होते. तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा क्रेडिट स्कोअर खूपच खाली आहे. एक लोन डिफॉल्टमध्ये दिसतंय." मी म्हटलं, नीट बघा, चुकलं असेल. आयुष्यात एकदाच कर्ज काढलं होतं आणि ते वेळेआधी फेडून मोकळी झाले होते. तिने परत पाहिलं. नाव माझं, जन्मतारीख माझी, पॅन नंबर माझा. कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव मात्र मी कधी ऐकलेलं नव्हतं. "तुम्ही कुणाला जामीन राहिलात का?" तिने विचारलं. "नाही," मी ठणकावून सांगितलं. आज तो ठणका आठवला की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

मी शाळेत क्लार्क आहे. दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका शोधणं हेच माझं काम, आणि ते मी जरा जास्तच आवडीने करते, असं शिक्षकांचं मत आहे. त्यामुळे माझ्याच नावापुढे असलं काहीतरी लागलेलं बघून मला आधी भीती वाटली नाही. राग आला.

घर घ्यायचं होतं ते आम्ही राहतो तेच. एक खोली, स्वयंपाकघर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई आणि मी तिथे चार वर्षं भाड्याने राहत होतो. घरमालक मुलाकडे कायमचे जायला निघाले होते. त्यांनी आईला बोलावून सांगितलं, "तुम्ही घर स्वतःचं असल्यासारखं ठेवलंत. घेणार असाल तर बाहेर सांगत नाही. गणपतीपर्यंत थांबतो." तेव्हा जानेवारी चालू होता. भाव बाजारापेक्षा बराच कमी होता. बाबांचं ठेवलेलं थोडं होतं, उरलेलं कर्ज मला मिळायला हरकत नव्हती.

आईला त्या घराचं काय होतं ते सांगायला हवं. बाबा लातूरकडून येऊन महापालिकेत लागले. ते गेल्यावर त्यांची नोकरीची खोली गेली, आणि तेव्हापासून आम्ही अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर सहा घरं फिरलो. दर वेळी एजंट आधी आडनाव विचारतो. आडनाव ऐकून जरा थांबतो. मग 'जेवणात काय करता' म्हणतो. एका घरमालकिणीने सामान उतरताना आमच्याकडची निळ्या कोटातली तसबीर पाहिली आणि घर कालच दुसऱ्याला दिल्याचं तिला अचानक आठवलं. टेम्पो तसाच परत फिरवला आम्ही. त्यानंतर प्रत्येक घरी आई ती तसबीरच आधी लावायची, दारातून दिसेल अशी. सत्तरीच्या बाईला पुन्हा एजंटापुढे उभं करायचं नाही, एवढंच मला त्या घरातून हवं होतं.

कर्जाचं हे झेंगट मी पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या मैत्रिणीला. ती आमच्याच शाळेत प्राथमिकला शिकवायची. एकोणीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. ती मालवणची, गिरणी कामगाराची मुलगी, भांडुपला राहायची. शाळेतल्या माझ्या पहिल्या दिवशी माझ्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी बघून तिने न विचारता बोट घातलं होतं, आणि माझं माणूस म्हणून मी तिला तिथेच कबूल करून टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली. तरी आठवड्यातून दोनदा तरी फोन असायचाच.

फोनवर माझं ऐकून ती थोडा वेळ गप्प होती. मला वाटलं, तिला माझ्याइतकाच धक्का बसला. मग म्हणाली, "तू एकटी नको धावू गो. आजकाल स्कोअर दुरुस्त करून देणारी ऑफिसं असतात. आपण दोघी जाऊन बघू."

आपण दोघी म्हणाली. मला रडूच आलं.

आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिलं घाटकोपरला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई तिथे बसायच्या. टेबलावर पंखा, चष्म्याची केस आणि संत्र्याच्या साली. त्यांनी माझा रिपोर्ट पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचला आणि म्हणाल्या, "हे बघा, नोंद चुकीची असेल तर निघते, आणि ती काढायला माझी गरज नाही. तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता. नोंद खरी असेल तर कुणाच्या बापाला निघत नाही. इथे तुम्ही जामीनदार म्हणून लागलाय. आधी त्या बँकेत जा, कर्जाची फाईल मागा, कर्जदार कोण ते बघा. मग या." पैसे विचारले तर म्हणाल्या, काम झाल्यावर बघू.

माझ्या स्वभावाला हे पटणारं होतं. आधी फाईल, मग बोलणं. पण जिना उतरल्या उतरल्या मैत्रिणीने नाक मुरडलं. "ही काम करायला बसलीय की घालवायला? फुकटात होतं म्हणे. फुकटात होणारं काम कुणी धड करतं काय? आणि बँकेत जाऊन तू डोकं फोडून घेणार. तिथे एकदा तोंड दाखवलंस की वसुलीवाले घरी येतील. आईसमोर तमाशा." आईचं नाव निघालं आणि माझी पावलं अडखळली. रिक्षात बसेपर्यंत त्या निवृत्त बाई मलाही कामचुकार वाटायला लागल्या होत्या.

दुसरं ऑफिस अंधेरी पूर्वेला, काचेच्या इमारतीत. त्याचा पत्ता मैत्रिणीनेच काढला होता. आत गारेगार एसी, भिंतभर समाधानी गिऱ्हाइकांचे फोटो. ब्लेझर घातलेल्या एका तरुणाने आम्हाला थंड पाणी दिलं आणि पंचेचाळीस दिवसांत नोंद पुसून देतो म्हणाला. अट एकच, मधल्या काळात बँकेशी काही बोलायचं नाही, त्यांनी फोन केला तर उचलायचा नाही, नाहीतर केस बिघडते. फी आधी. नोंद कशी काढणार, असं मी विचारलं तर हसून म्हणाला, "ते आमच्यावर सोडा ना मॅडम."

शाळेत कुणी मला 'ते आमच्यावर सोडा' म्हटलं की मी त्याचं बिल तीनदा तपासते. त्या दिवशी मी सोडलं. मैत्रीण पर्स उघडून म्हणाली, "निम्मे माझे. नाही म्हणू नको, मरांदे, तुझं घर झालं की वसूल करीन मासे खाऊन." मी तिचा हात धरला. त्या काचेच्या इमारतीत, त्या भामट्यासमोर, मी तिचा हात धरून बसले होते. हे लिहितानाही मला माझीच चीड येते.

तिने शोधून काढलेला माणूस, तिने मोजून दिलेले निम्मे पैसे, तिची माझ्यासाठीची धावपळ, याला मी चौकशी समजले. आमच्याकडे असंच चालतं. आपलं माणूस बरोबर आलं की आपण पावती मागत नाही, पावती मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं.

पुढचे चार महिने काय झालं ते मला नंतर कळलं. तो तरुण माझ्या नावाने पुन्हा पुन्हा एकच तक्रार टाकत होता, की हे खातं माझं नाहीच. तक्रार टाकली की रिपोर्टवर 'वादग्रस्त' असं काहीतरी यायचं आणि तो मला त्याचा फोटो पाठवायचा, कोपऱ्यात हिरव्या खुणेसह. मी तो आईला दाखवायचे. आई खुणेवरून बोट फिरवायची. मग तक्रार फेटाळली जायची, नोंद परत तिथेच. जूनमध्ये त्याचा फोन लागेनासा झाला. अंधेरीला गेले तर काचेमागे दुसऱ्याच कुणाचं ट्रॅव्हलचं ऑफिस होतं. वाट लागली ती लागलीच. मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे गो, नशीब. घर दुसरं मिळेल." तेव्हा पहिल्यांदा मला तिचा आवाज जरा हलका झाल्यासारखा वाटला. मी ते मनावर घेतलं नाही.

घाटकोपरला एकटीच परत गेले. बाईंनी मला ओळखलं. 'सांगितलं होतं ना' असं त्या म्हणाल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. एवढंच विचारलं, "बँकेत गेलात?"

गेले. विक्रोळीची शाखा. फाईल शोधायला दोन दिवस लागले. काउंटरमागच्या माणसाने सांगितलं, आमच्यात अमुक सहकारी बँक विलीन झाली, त्यांचं जुनं कर्ज आहे हे. त्या अमुक बँकेचं नाव मला चांगलंच ओळखीचं होतं. आमच्या शाळेचे पगार पूर्वी तिथेच व्हायचे.

आता कपाटाचं सांगायला हवं. त्या बँकेत पगारदाराला कर्ज हवं तर त्याच शाळेतले दोन जामीनदार लागायचे. एकदा आमचे शिपाईकाका मुलीच्या लग्नासाठी फॉर्म घेऊन आठवडाभर वर्गावर्गाच्या दारात उभे राहिले. लोक त्यांना बघून जिन्याने वर जायचे. मला ते बघवलं नाही. मी एक पद्धत काढली. जूनमध्ये शाळा सुरू झाली की सगळ्यांनी जामिनाच्या दोन-दोन कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवायच्या, फॉर्म ऑफिसच्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. ज्याला गरज त्याने किल्ली मागून दोन फॉर्म काढायचे आणि ज्याची सही वापरली त्याला चहा पिता पिता सांगायचं. कुणाला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढाच हेतू होता. सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. नंतर सांगायचं हळूहळू राहून जाऊ लागलं. पगार दुसऱ्या बँकेत गेले तेव्हा उरलेले फॉर्म मी स्वतः फाडले. सगळे फाडले, अशी माझी समजूत होती.

काउंटरमागच्या त्या माणसाने फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली. पहिल्या पानावर मैत्रिणीचा फोटो होता, निळ्या साडीतला, शाळेच्या ओळखपत्रावरचाच. तिसऱ्या पानावर खाली माझी सही. वरचा सगळा मजकूर तिच्या अक्षरात. एकोणीस वर्षं तिचे हजेरीपट मी तपासले होते, ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. माझा पत्ता म्हणून तिने आमचं दोन घरांपूर्वीचं घर लिहिलं होतं. थकबाकीच्या साऱ्या नोटिसा तिथे जाऊन परत आल्या होत्या, पाकिटांसकट फाईलला लावलेल्या. 'कर्जदाराशी नाते' या रकान्यात तिने लिहिलं होतं, बहीण.

केसाने गळा कापणं आजवर मी बोलण्यात सहज वापरायचे. त्या काउंटरवर तो वाक्प्रचार मला पहिल्यांदा कळला. जानेवारीतल्या त्या पहिल्या फोनवर ती गप्प झाली, तेव्हाच तिला सगळं माहीत होतं. घाटकोपरच्या जिन्यावर माहीत होतं. पर्स उघडली तेव्हा माहीत होतं. मला त्या फाईलपासून लांब ठेवायला ती माझ्याबरोबर मुंबईभर फिरली होती.

घाटकोपरच्या बाई म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. एक, लेखी तक्रार करा की तुमच्या नकळत तुमची सही वापरली. चौकशी होईल, पोलीस येतील, वेळ लागेल, पण नोंद कदाचित निघेल. दुसरा, कर्ज पूर्ण फेडलं जाऊ दे, तसं पत्र घ्या. ते पत्र हातात असलं तर गृहकर्ज देणारी एक संस्था तुमच्या अर्जाचा विचार करेल, मी बोलते. "पण एक लक्षात ठेवा. बँक तडजोड करायला तयार होईल. थोडं भरा, बाकी सोडून देतो म्हणेल. ती घेऊ नका. तडजोड रिपोर्टवर वर्षानुवर्षं राहते, आणि ती बघून कुणी तुम्हाला घरासाठी दारात उभं करणार नाही."

तक्रार लिहायला बसले. 'माझ्या संमतीशिवाय' हे शब्द लिहून पुढे जाता येईना. सही माझी होती, पद्धत माझी होती. आणि आईच्या ऑपरेशनच्या वेळी मीही चित्रकलेच्या सरांचा फॉर्म काढून भरला होता. सांगेन सांगेन म्हणता त्यांना सांगितलं नाही, ते निवृत्तही झाले. मी फेडलं म्हणून कुणाला कळलं नाही, बस्स. मी कागद बाजूला ठेवला. सज्जनपणा म्हणून नाही. चौकशीत माझंही नाव निघालं असतं, ही भीती होती, ती का लपवू?

भांडुपला गेले. तिने वर येऊ दिलं नाही, नवरा घरी होता आणि त्याला हे कर्ज माहीत नव्हतं. खाली वॉचमनच्या केबिनशेजारी बाकावर बसलो. मी फाईलची प्रत तिच्या मांडीवर ठेवली. ती बघून म्हणाली, "त्या अंधेरीवाल्याने खरंच नोंद काढून टाकली असती तर तुला कधी कळलंच नसतं."

"म्हणून आलीस माझ्याबरोबर?"

"तुझं काम व्हावं असं मनापासून वाटत होतं गो. देवाशपथ."

ते खरं होतं, हे मला दिसत होतं, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. ती निव्वळ लबाड असती तर मी तिथेच थुंकून निघाले असते. "कशासाठी घेतलं होतंस?" मी विचारलं. "ते आता कशाला," ती म्हणाली. "निवृत्तीचे पैसे आले तेव्हा का नाही फेडलंस?" ती पदराचं टोक दुमडत राहिली. मग मी म्हटलं, "मला तुझी माफी नको. आमचं घर जातंय. पूर्ण भर. तडजोड म्हणतील, ती नको, तिने माझं कर्ज अडतं. पूर्ण भरून पत्र आण, गणपतीआधी." तडजोडीचं मी तिला दोनदा समजावलं, वर्गात समजवावं तसं. तिने मान हलवली. सोन्याच्या बांगड्या मोडते म्हणाली.

तो दीड महिना मी तिला फोन केला नाही. घरमालकांना मात्र दर रविवारी करत होते. थांबतो म्हणाले, पण त्यांच्या शेजाऱ्याच्या मेव्हण्याने रोख देऊ केली होती, हेही सांगायला विसरले नाहीत. आई रोज विचारायची, झालं का गं. मी म्हणायचे, होतंय. भिंतीला ओल आली होती, तिथे आईने यंदा रंग देऊ म्हणून खडूने खूण करून ठेवली होती.

गणपतीला आठ दिवस असताना मैत्रीण आली. तीन जिने चढून धापा टाकत दारात उभी राहिली, हातात बँकेचं पाकीट. आत ये, असं मी म्हटलं नाही. तिचा चेहरा उजळलेला होता. हात बघितले, बांगड्या हातातच होत्या. "घे," ती म्हणाली, "झालं सगळं. खातं बंद."

मी पाकीट उघडलं. दारातच उभी राहून पत्र वाचलं. माझं नाव, तिचं नाव, खाते क्रमांक, शिक्का. मधल्या ओळीत लिहिलं होतं, एकरकमी तडजोडीनुसार खाते बंद करण्यात येत आहे.

मी ती ओळ बोट ठेवून तिला दाखवली. तिने बघितलंही नाही.

"अगं, निम्म्याहून कमीत सोडवत होते," ती म्हणाली. "एवढे पैसे कोण सोडतं? खातं बंद झालं ना, तेच महत्त्वाचं. आता तरी राग सोड. पूर्वीसारखं बोल माझ्याशी."

आतून आईने विचारलं, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. पत्र पाकिटात घालून तिच्या हातात परत दिलं. ती जिना उतरायला लागली, अगदी सावकाश, हाक मारेन या आशेने असेल. मी दार लावलं नाही. फोन काढून घरमालकांना लावला आणि सांगितलं, आमचं होत नाही, तुम्ही दुसऱ्याला देऊन टाका. तिला खालपर्यंत ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच बोलले. आईलाही ते तसंच ऐकू गेलं.